कुंकवाचं बोट

आईला एक घाण सवय आहे. कपाळाला कुंकू लावलं की बोटाला उरलेलं ती देव्हाऱ्याखालच्या भिंतीला पुसते. माझे वडील, नाना, ओरडून दमले, पण भिंत तांबडी ती तांबडीच.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. ती हॉस्पिटलात असताना नानांनी भिंतीला पांढरा रंग लावून घेतला. घरी आल्यावर तिचं एकच मागणं होतं, देवाचा दिवा आपल्या उजव्या हाताने लावायचा. पण आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत देव्हाऱ्याची फळी चांगली डोक्याच्या वर आहे.

व्यायाम शिकवणाऱ्या प्रितीताई दर आठवड्याला ग्रेड द्यायच्या. हात कमरेपर्यंत उचलला तर एक, खांद्यापर्यंत गेला तर दोन, डोक्यावर गेला तर तीन. आईला दोन लवकर मिळाले, आणि मग दोनच मिळत राहिले. मी ऑफिसात दुकानांच्या विक्रीचे अंदाज बांधते. एका रविवारी न राहवून हे ग्रेड ऑफिसच्या अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला दिले. त्याने पुढच्या सगळ्या महिन्यांवर एक आडवी रेघ ओढली. मला रडूच कोसळलं, आणि आईने पाहिलं.

"बस झाला गो," ती म्हणाली. "व्यायाम नको नि काय नको. फळी खाली घेवा."

नानांनी दुसऱ्याच दिवशी राजाराम सुताराला बोलावलं. फळी काढायला हात घालण्याआधी त्याने विचारलं, "कुठवर खाली घेऊ? वहिनींचा हात कुठपर्यंत जातो?"

"ती बघ," नाना वैतागून म्हणाले, "घाण करून ठेवलीहा ना, थंयपर्यंत जाता."

मी भिंतीकडे बघितलं. नव्या पांढऱ्या रंगावर उमटलेली खालची बोटं विटून तपकिरी झाली होती, वरची ताजी, लालभडक. खांद्याच्या बरीच वर.

"आई, कुंकू कुठल्या हाताने लावतेस?"

"उजव्यानं. डाव्यानं कोण लावता? मान खाली घालतंय नि लावतंय."

आणि मग मान वर करून, हात जाईल तितक्या वर पुसते! ऑफिसात आमचे हितेंद्र सर विक्रीचे आकडे कमी-मध्यम-जास्त अशा तीन डब्यांत कोंबतात, म्हणून मी त्यांच्याशी कडाकडा भांडते. मध्यमच्या पोटात काय चढतंय ते दिसत नाही, असं त्यांना ऐकवते. आणि घरी आईचा हात 'दोन'च्या डब्यात इंच इंच वर चढत होता. मला आनंदही झाला आणि स्वतःचा रागही आला.

मी राजारामकाकांची टेप मागून घेतली. या वेळी प्रोग्रामला खालून वर एकेका बोटाची उंची दिली, आणि रेघ वर गेली. "गणपतीपर्यंत हात फळीला पोचेल!" मी ओरडले. काका चहा पिऊन परत गेले, फळी राहिली तिथेच.

गणपतीत आईचा हात चार बोटं कमी पडला. माझं तोंड उतरलं, पण आईचं नाही. "कालच्यापेक्षा वर गेलो मा?" म्हणाली आणि भिंतीला बोट पुसलं.

दसऱ्याला सकाळी काडी ओढल्याचा आवाज आला. फळीवर दिवा लागला होता. आईचा उजवा हात हळूहळू खाली येत होता, आणि फळीच्या कडेला लाल बोट उमटलं होतं.

"आता फळीक पण?" नाना ओरडले. पुसायला फडकं मात्र त्यांनी उचललं नाही.