खड्ड्यापाशी बोलायचं नाही

जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्राची शिट्टी थांबेना, तेव्हाच मेल्चोराने ओळखलं, आता हा खणणार. पिरिबेबुई गावाबाहेरचं हे रान तिच्या वारलेल्या काकाचं. इथे आजवर कुणी यंत्र फिरवलं नव्हतं. सकाळपासून तिच्या नवऱ्याला, लिबोरिओला, शिपायाच्या गणवेशाचं बटण, एक वाकडा चमचा आणि चांदीचं एक नाणं मिळालं होतं. तेवढ्यावर शहाणा माणूस घरी गेला असता. लिबोरिओ त्यातला नव्हता. दीडशे वर्षांमागच्या मोठ्या युद्धात पळताना लोकांनी पुरलेलं सोनं आपलीच वाट बघत बसलंय, अशी त्याची खात्री होती. त्यापायी दावणीच्या गाई विकून त्याने हे यंत्र आणलं होतं.

"माती बघ की," तो खूश होऊन म्हणाला. "लोण्यासारखी! कुणीतरी आधी खणलीय."

"म्हणजे ढासळणारही. कडेला फळ्या तरी लाव."

"फळ्या मागायला गेलो की अख्खं गाव वाटा मागायला हजर! दुपारचे सगळे घोरतायत, तोवर उरकू." मग त्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "आणि तू तोंड शिवून ठेव. मागच्यासारखं करू नकोस."

एकदा खणायला लागलं की चकार शब्द काढायचा नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोललं की सोनं खाली सरकतं, नाहीतर त्याचा कोळसा होतो. मागे एका परसात ती एवढंच म्हणाली होती, "दमलास, जरा पाणी पी." खाली कोळसाच निघाला. कुणाची तरी जुनी चूल असणार, पण लिबोरिओला कोण सांगणार? तेव्हापासून आमटीत मीठ जास्त झालं तरी तो कोळशावर घसरायचा.

तो खणू लागला. ती दोराने बादली ओढून लाल माती बाजूला टाकत होती. बघता बघता तो छातीएवढा आत गेला, मग नुसती टोपी दिसू लागली, मग तीही दिसेना.

बादली रिकामी करताना तिला पायाशी एक रेघ दिसली. मूळ असेल, असं वाटलं. पुढच्या खेपेला त्या रेघेत तिचं बोट शिरलं.

तिने दोर हिसडला. खालून त्याने दुप्पट जोराने हिसडला. तिने ढेकूळ टाकलं, हातवारे केले, कडेकडे बोट दाखवलं. त्याने मूठ उगारली. एवढं होऊनही तिचं तोंड उघडेना. तिला त्याच्या तोंडाच्या पट्ट्याची धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर सोन्याचा मोह तिलाही होताच.

तेवढ्यात फावडं धातूवर खणकन आदळलं. लिबोरिओने वर बघितलं आणि तो हसला. लग्नाच्या दिवशी हसला होता तसा, अगदी मनापासून. ते हसू मोडायचा तिला धीर होईना. तेवढा एक क्षण ती गप्प राहिली.

पायाखालची जमीन हलली.

"लिबोरिओ! बाहेर ये! दोर धर!"

दोर त्याच्या हाताशीच लोंबत होता. त्याने तो धरला नाही. रागाने लालबुंद होऊन त्याने मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं. वरची कड त्याच्या अंगावर कोसळली.

मेल्चोराच्या किंकाळ्यांनी गाव जागं झालं. माणसं फावडी घेऊन धावत आली. आता सगळेच ओरडत होते, एकमेकांना हुकूम सोडत होते. एका म्हाताऱ्याने सगळ्यांना गप्प केलं, खालून आवाज येतोय का ते ऐकायला. मेल्चोरा पालथी पडून मातीला कान लावून होती. तिची नखं रक्ताळली होती.

"बोलले मी," ती मातीत तोंड घालून म्हणाली. "पुन्हा बोलले. शिव्या घाल मला. लिबोरिओ, हवं ते बोल रे, पण बोल."