उजवीकडचा मेंदू

मित्रांनो, मी एक जुनी स्लाइड. पांढऱ्या चौकटीतला फिल्मचा तुकडा, दोन बोटांत मावेल एवढा. माझा जन्म परदेशातल्या प्रयोगशाळेतला. २००१ साली शरयू डॉक्टर मला पर्समध्ये घालून वर्ध्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन आल्या.

माझ्यात दोन मेंदू आहेत. डोपामिन नावाचं रसायन मेंदूत आनंदाचा निरोप नेतं, आणि तो झेलणाऱ्या जागा मेंदूचा फोटो काढणाऱ्या यंत्रात रंगीत दिसतात. डावीकडच्या निरोगी मेंदूत त्या लालभडक आहेत. उजवीकडच्या माणसाने वर्षानुवर्षं झोप उडवणाऱ्या नशेच्या गोळ्या खाल्ल्या, म्हणून त्याच्या फिक्या पडल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतभर माझं चित्र पडलं की सगळे माना पुढे काढून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

एकदा मोतीलाल आला. कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा आणि डोळा लागू नये म्हणून तसल्याच गोळ्या खायचा. ट्रक झाडावर गेला म्हणून आदल्याच दिवशी त्याच्या डोक्याचा एक्स-रे काढला होता. मला पाहून त्याला वाटलं, उजवीकडचं डोकं आपलंच. दवाखान्यात ज्याचा फोटो, त्यालाच तर समोर बसवतात. काही न विचारता तो उठून गेला.

आठ दिवसांनी त्याची बायको अनुसयाबाई आली. “बाई, तो गोळ्या सोडाले तयारच नाई. म्हन्ते, फोटोत पाह्यलं म्या, डोकं तं जयालंच हाये, पार राख झाली. आता सोडून काय फायदा?”

शरयूबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, ते डोकं त्याचं नाहीच. आणि गोळ्या सोडल्या तर मेंदू हळूहळू सावरू शकतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. त्याला घेऊन या.”

मोतीलाल आला. गोळ्या सोडताना मध्ये दोनदा घसरला, पुन्हा खाल्ल्या. पण चौदा महिन्यांनी पेढे घेऊन हजर झाला.

“आता माहा फोटो काढा न, बाई.”

“ते यंत्र आपल्याकडे नाही हो.”

“मंग राहू द्या. भाकर गोड लागून राह्यली, तेवढ्यानं समजते मले.”

पुढे कॉम्प्युटर आला आणि मी कपाटातल्या डब्यात गेले. आता इथे मी आणि तो उजवीकडचा माणूस. त्याने गोळ्या सोडल्या का, तो सावरला का, मला कुणीच सांगितलं नाही. माझ्यात तो आहे तसाच फिका आहे. फार एकटं वाटतं.

म्हणून विनवते, मित्रांनो, माणसाचं एका दिवसाचं चित्र पाहून त्याला जन्मभर तसाच ठरवू नका. आणि कुणाला ते दाखवलंतच, तर तो उठून जायच्या आत पुढचंही सांगा.