ऐंशी मीटरवरची आग

तरुण मुरार भागातला, अपूर्व कंपूतला. ग्वाल्हेरचे हे दोघे माळव्यातल्या एका पवनचक्की कंपनीत देखभालीचं काम करत आणि चार वर्षं एकाच खोलीत राहत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दोघे ऐंशी मीटर उंचीवर, पात्यांमागच्या मशीनच्या बंदिस्त खोलीत होते. तरुण पुढे बोल्ट आवळत होता, अपूर्व मागे, बाहेर पडायच्या झडपेजवळ. मध्ये विजेचं कपाट. त्याच्या आत काहीतरी धुमसत होतं, ते दोघांनाही कळलं नाही. कपाटाचं दार उडालं आणि काही सेकंदांत गिअरबॉक्सचं तेल पेटलं. अपूर्वने आग विझवायचा सिलिंडर रिकामा केला, तो पुरला नाही.

"तू उतर, मी बघतो," तरुण ज्वाळांपलीकडून म्हणाला.

अपूर्व दोराने उतरला. तरुण उतरला नाही. अग्निशमन दलाची गाडी पाऊण तासाने आली, पण तिचं पाणी तेवढ्या उंचीवर पोचणारच नव्हतं. जळून संपेपर्यंत सगळे खाली उभे राहिले.

खोलीत धुराचा सेन्सर होता. तो वाजला असता तर दोघांना बाहेर पडायला वेळ मिळाला असता. पण तेलाच्या वाफेनेही तो वाजायचा आणि पवनचक्की बंद पडायची. म्हणून डिसेंबरात मॅनेजरने अपूर्वला फोन करून त्याची वायर काढायला सांगितलं होतं. नवा सेन्सर पाठवतो म्हणाला होता. अपूर्वने वायर काढली. नवा सेन्सर आला नाही.

अपूर्व हातांना पट्ट्या बांधून घरी परतला. आठव्या दिवशी कंपनीचे विक्रमसिंह अपूर्वच्या नावाचा जबाब टाइप करूनच घेऊन आले. तरुण वर बिडी ओढत होता, असं त्यात होतं. तरुणने कधी तंबाखूला हात लावला नव्हता, हे अपूर्वने त्यांना सांगितलं.

"जाने वाला तो गया, अपूर्वजी. आप अपनी सोचिए," ते म्हणाले.

वडिलांनी, लक्ष्मीकांतरावांनी, त्याला आत बोलावून सही करून टाक म्हणून समजावलं. बायको अपर्णाला आठवा महिना लागला होता. तरी अपूर्वने सही केली नाही. स्वतःचा जबाब लिहिला, त्यात वायरचंही लिहिलं, आणि चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवला.

तीन महिन्यांनी अहवाल आला. मॅनेजरने असा फोन केल्याचं नाकारलं होतं. सेन्सर अपूर्वने परस्पर बंद केला, असा निष्कर्ष निघाला. अपूर्वची नोकरी गेली. मॅनेजरची बढतीवर बदली झाली.

मग अपूर्व मुरारला तरुणच्या आईवडिलांकडे गेला. जगदेवराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अहवाल त्यांनी वाचला होता, कंपनीच्या त्या टाइप केलेल्या जबाबाचंही त्यांच्या कानावर आलं होतं.

"माझ्या पोरावर बिडीचा डाग लागला नाही, तो तुझ्यामुळे," ते म्हणाले. "ते मी मानतो."

अपूर्वला जरा हायसं वाटलं.

"वायर काढलीस, ते तरुणला सांगितलं होतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, काका. तो वर चढायला तयार झाला नसता."

तरुणच्या आईने, शांताताईंनी, त्याच्यासमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि आत नेला. जगदेवराव दारापर्यंत आले. पुन्हा येऊ नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं, तेही हळू आवाजात.

घरी वडिलांनी विचारलं, काय म्हणाले ते लोक?

"चहा दिला," अपूर्व म्हणाला.