गॅरेजमधलं मिटणारं टेबल

रिटायर झालेल्या नवऱ्याइतकं अडगळीचं सामान घरात दुसरं नाही. मोस्तगानेम गावच्या काद्दूरला हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, पण त्याची बायको खैरा झाडताना त्याला पाय वर घ्यायला लावायची, तेव्हा त्याला बरोबर कळायचं. रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म गेलेला माणूस तो, त्याचे हात शिवशिवायचे. उभं राहून काही कापायला, घासायला एक टेबल हवं होतं, आणि जागा म्हणाल तर खालचं गॅरेज तेवढं.

आता ते गॅरेज तरी कुठलं त्याचं! गाडी आत असली की माणसाला अंग चोरून चालावं लागे. बकरी ईदला तिथे मेंढा, लग्नाला पंगती, आणि उन्हाळ्यात आळीतल्या बायका वर्षाचं कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळायला तिथेच जमायच्या. खैराने साफ सांगितलं होतं, टेबल खुशाल करा, पण मला जागा लागेल तेव्हा ते मध्ये येता कामा नये. एकदा जरी आलं तरी हत्यारांसकट भंगारवाल्याकडे जाईल. आणि ही बाई बोलेल ते करणारी होती.

म्हणून काद्दूरने भिंतीला मिटणारं टेबल केलं. जाड फळी, तीन बिजागऱ्या, दुमडणारे पाय. मोठ्या ऐटीत त्यावर वस्तू घट्ट पकडायचा जड लोखंडी शिकंजा ठेवला आणि टेबल भिंतीचा लचका घेऊन धाडकन खाली आलं. वर्कशॉपच्या भिंती हातभर जाड दगडाच्या होत्या, तिथे काहीही ठोका. इथे मात्र साऱ्या गावासारख्या तांबड्या पोकळ विटा, आणि त्याही त्याने स्वतःच आणलेल्या! खैरा दारातून म्हणाली की इतकी वर्षं आगगाड्या कशा धावल्या देव जाणे. चार दिवस तिला हसायला तेवढंच पुरलं.

दुसऱ्या खेपेला त्याने आडवी पट्टी थेट सिमेंटच्या दोन खांबांत बोल्टने आवळली. फळी उचलली की टेबल, सोडली की भिंतीला चिकटलेली चार बोटं जाडीची वस्तू. त्यावर चटई टांगली की नामोनिशाण नाही.

कुसकुसच्या दिवशी गाडी बाहेर गेली, चादरी अंथरल्या, बायका काथवटींभोवती पाय पसरून बसल्या. टेबल कुणाच्या लक्षातही आलं नाही. काद्दूर रव्याची पोती आत टाकत होता आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता. तेवढ्यात त्याला कोपऱ्यात हज करून आलेली त्याची थोरली बहीण, हाज्जा बख्ता, दिसली.

अख्ख्या आळीला कुसकुस वळायला शिकवलं ते तिने. पण गुडघे गेले, जमिनीवर बसवेना, म्हणून खुर्ची दिली होती. मानाने दिली होती हो, पण हात मांडीवर तसेच रिकामे. काद्दूरला ते बघवेना.

टेबल उघडलं तर शब्द मोडणार, हत्यारं जाणार. तो घुटमळला. मग भंगारवाला तर भंगारवाला असं म्हणून त्याने बायकांना सरकायला सांगितलं, चटई काढली आणि फळी उचलून पाय लावले. दोघी चादरीसकट दाराशी ढकलल्या गेल्या. खैरा पाण्याची घागर घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली.

बख्ता उठली. दोघं भावंडं उंचीला सारखी, त्यामुळे टेबल तिच्या बरोबर कमरेला आलं. तिने काथवट पुढे ओढली, रव्यावर पाणी शिंपडलं आणि तळवे गोल फिरू लागले.

"गेल्या वर्षी घरी जाऊन रडले मी, काद्दूर," ती मान वर न करता म्हणाली. "म्हटलं, आता आपण नुसत्या खाणाऱ्यांत जमा."

काद्दूर आणखी एक पोतं आणायला गेला.

संध्याकाळी बायका पांगल्यावर तो मुकाट्याने हत्यारं पेटीत भरू लागला. खैराने विचारलं, हे काय चाललंय.

"ठरलं होतं ना. मध्ये आलं."

"हाज्जा उद्याही येणार आहे. ते टेबल मिटलंत तर याद राखा." तिने त्याच्या हातातली पेटी काढून घेऊन टेबलावर ठेवली. मग आपल्याच गुडघ्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "आणि अहो, समोरची भिंत पण मोजून ठेवा. मी तुमच्यापेक्षा वीतभर बुटकी आहे, तेवढं लक्षात असू द्या."