डोंगराएवढ्या बाळाची अंगाई

देव खाली निजलेला आणि गाव त्याच्या पाठीवर वसलेलं, एवढं कळलं की पुढचं सगळं समजतं. देव म्हणजे ड्रॅगन. खवल्यांचा, पंखांचा, पोटात जाळ बाळगणारा, आणि आजूबाजूच्या डोंगरांनी डोकं वर काढलं नव्हतं तेव्हापासूनचा म्हातारा. लोक त्याला नुसतं 'थोरले' म्हणत. नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या अंगच्या उबेनं गल्लीतल्या फरश्या बारा महिने कोमट असत. बायका धुतलेले कपडे दोरीवर न घालता सरळ रस्त्यावर पसरत, बेकरीवाल्याचं पीठ घटकाभरात फुगे, आणि मांजरं तर इतकी सुस्तावलेली की उंदीर शेपटीवरून गेला तरी डोळा उघडत नसत. थोरल्यांनी श्वास घेतला की अख्खं गाव बोटभर वर उचललं जाई, सोडला की हळूच खाली येई. परगावच्या माणसाला इथं मळमळे. इथल्या माणसाला बाहेरगावी झोप लागत नसे.

आता असा देव जागा झाला तर? जाळून राखरांगोळी करील, असं सगळे मानत. म्हणून ही अंगाई. देवळामागचा जिना उतरला की कानाची खोली. तिथं थोरल्यांचा कान जमिनीतून वर आलेला, चांगला दरवाजाएवढा, आणि त्याच्यासमोर एक तिवई. तिच्यावर बसून उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत गायचं. रात्री ते आपले आपण निजतात अशी समजूत. खोलीतून एक पितळी नळी वर सभामंडपात नेलेली होती. तिच्यातून गाणं ऐकू येई आणि भक्तमंडळी सुखानं माना डोलावत. गाणं थांबलं की घंटा वाजवायची आणि पळत सुटायचं, असं ठरलेलं होतं. अजून तशी वेळ आली नव्हती.

तिवई एकाच घराण्याची. आईचा आवाज गेला की मुलीनं बसायचं. आणि एकदा जिचा आवाज थोरल्यांच्या कानात गेला, तिनं पुन्हा गावाची वेस ओलांडायची नाही. आवाज लांब गेला तर ते त्याच्यामागं उठून जातील म्हणे. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण असल्या गोष्टींची परीक्षा घ्यायला कोण जातंय!

तर झालं होतं असं, की अंगाईवालीचा आवाज बसत चालला होता. हिवाळ्यापासून वरचा सूर लागेना, मग मधलाही फाटायला लागला. तिनं कुणाला सुगावा लागू दिला नाही. ज्येष्ठमध चघळला, गरम पाणी प्याली, घरी बोलणं बंद करून सगळा संसार हातवाऱ्यांवर आणला. कारण एकच. तिची लेक नदीपलीकडच्या कारखान्यात काच फुंकायला शिकली होती, आणि तिची फुंकर अशी बसली होती की उस्ताद तिला समुद्रकाठच्या मोठ्या कारखान्यात घेऊन चालले होते. बाजाराच्या दिवशी नाव सुटायची होती. तोवर आवाज टिकला म्हणजे झालं. पुढं गेला तर गेला चुलीत, देवळाच्या कारभाऱ्यांच्या सुना रिकाम्याच बसलेल्या असतात, गातील त्या.

लेकीला कळल्यावाचून थोडंच राहणार?

"आई, 'आ' कर."

आईनं हातानंच तिला वाटेला लावलं.

"कर म्हणते ना."

"कामाला जा गं बाई," आई म्हणाली, आणि ते असं काही निघालं की चुलीपाशी पेंगणारं मांजर उठून बाहेर गेलं.

लेक मटकन खाली बसली. "मग मी जातच नाही. मी बसते तिवईवर."

"तंगडं मोडून ठेवीन."

"कुणीतरी बसायलाच हवं ना?"

"माझी जागा आहे, माझं मी बघेन. तू आपली पिशवी भर."

बोलली खरी, पण पाठ फिरवून डोळे पुसले. लेक गेल्यावर हे घर खायला उठेल, हे तिला आत्ताच दिसत होतं. तिला अजिबात नको होतं पोरीचं जाणं. तरी तिला घालवल्याशिवाय ती राहणार नव्हती.

आणि नाव सुटायच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, घात झाला. "नीज रे माझ्या डोंगराएवढ्या बाळा," एवढं म्हणून झालं आणि पुढं तोंडातून नुसती हवा. तिनं आवंढा गिळला, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच. वर कारभाऱ्यांची मान डोलायची थांबली असेल, हात घंटेच्या दोरीकडं गेला असेल. आता लेकीला धरून आणतील.

तेवढ्यात गाणं पुढं सुरू झालं. तोच सूर, तीच ओळ, बाईचा भरदार आवाज, सरळ नळीतून वर चाललेला. आवाज तिच्या स्वतःच्या आईचा होता. आईला जाऊन कैक वर्षं झाली होती.

लहानपणापासून जिला ती खोलीची मागची भिंत समजत आली होती, ती भिंत हळूहळू वर सरकली. आत डोळा होता. मधाच्या रंगाचा, ओलसर, तिच्याकडं लावलेला.

"दम खा जरा, पोरी," थोरले म्हणाले. गाणं गळ्यातून चालू होतं आणि बोलणं तिवईतून तिच्या हाडांत उमटत होतं. देवाला काय, दोन्ही एकदम जमतं.

"तू जागा आहेस?" ती कुजबुजली. सगळं गाव त्यांना अहोजाहो करी, पण अंगाईत बाळाला अहो कसं म्हणणार? तिची जीभ 'तू'लाच सरावलेली.

"पहिल्यापासून. डोळे मिटून पडलो होतो."

"इतकी वर्षं?"

"तुझी खापरपणजी पहिल्यांदा आली ना, थरथर कापत होती बिचारी, तरी गात होती. म्हटलं, डोळे उघडले तर ही जागच्या जागी मरेल. मग सवय लागली. तुम्ही एवढा जीव ओतून निजवता, उठायचं तरी कुठल्या तोंडानं?"

तिला भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. "माझी आई घरी यायची तेव्हा तिच्या गळ्यात काही उरलेलं नसायचं. मला तिची एक अंगाई मिळाली नाही. माझ्या लेकीला माझी मिळाली नाही. सगळं तुझ्या कानात ओतलं आम्ही, आणि तू टक्क जागा?"

खोली श्वासाबरोबर वर गेली, खाली आली.

"माझ्याकडं आहे सगळं," मग थोरले म्हणाले. "एक सूर सांडू दिला नाही मी."

तिची आई गातच होती. ऐकता ऐकता तिचे खांदे सैल पडले, हात मांडीवर आले. उबेत, त्या आवाजात, ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली.

"मी वर जाऊन सांगते," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे माझी पोर सुटली."

"सांग हवं तर. मग इथं येईल कोण?"

एवढा मोठा देव, आणि त्याला एकटं पडायची भीती. तिला त्याची फार दया आली. "येईन मी रोज," ती म्हणाली. "पण गायचं तू."

"गाईन."

दिवेलागणीला कारभारी जिन्यापाशी उभेच होते. "बाई, मध्ये काळजाचा ठोका चुकवलात हं. पण मग काय लागला आवाज! तुमच्या आईची आठवण झाली." तिनं मान डोलावली आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी लेक पिशवी भरून उंबऱ्यात बसली, ती हटेना. "तुझ्या तोंडातून चकार शब्द फुटत नाही आणि मी जाऊ? मग तिथं गाणार कोण?"

आईनं तिचा हात धरला आणि तिला सरळ सभामंडपात नेलं. सगळी मंडळी नाव बघायला घाटावर गेलेली, कारभारी जेवायला. मंडप रिकामा होता. नळीतून गाणं येत होतं, आणि आवाज आईचा होता, तरणा, कुठं चरा नसलेला. लेकीनं नळीकडं पाहिलं, मग आईच्या मिटलेल्या तोंडाकडं.

"हे कोण?"

"मीच," आई कुजबुजली. "तू पाळण्यात होतीस तेव्हाची. तो जागा आहे गं. त्यानं जपून ठेवलंय. आता तो गातो. तू जा."

लेकीनं आईला फरशीवर बसवलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि डोळे मिटून अंगाई ऐकत राहिली. फरशी त्या दोघींना वर नेत होती, खाली आणत होती. नदीवरून भोंगा वाजला तशी ती उठली, आईच्या गालाला गाल लावला, पिशवी खांद्याला अडकवली आणि मागं न बघता घाटाची वाट धरली.

आई जिना उतरून तिवईवर येऊन बसली. डोळा उघडाच होता.

"गेली?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मग रड आता मोकळेपणी," थोरले म्हणाले. "मी जरा मोठ्यानं गातो. वर काही ऐकू जायचं नाही."