वीस मिनिटांच्या वेळा

वाचा-उपचार केंद्रात मुलांच्या वेळा लावून देणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. धाकटी बहीण गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्या कामावर हजर झाल्या. रडू आलंच नव्हतं. भेटायला येणाऱ्यांनी थोडी वाट पाहिली, मग चहा पिऊन निघून गेले. कामावर बरं होतं. रकाने होते, फोन होते.

दोनेक महिन्यांनी उपचार करणाऱ्या मॅडम एक कागद घेऊन काउंटरशी आल्या. बसचालकाची चार वर्षांची मुलगी. दर बुधवारी, बापाच्या सुट्टीला, तासभर यायची.

"हिला कळतं सगळं," मॅडम म्हणाल्या. "काय बोलायचं तेही ठाऊक असतं. ओठ-जिभेला हालचालींचा क्रम तेवढा जमत नाही. आठवड्यातून एकदा सराव करून काय हाती लागणार? तासाचे तीन तुकडे करा. वीस-वीस मिनिटं, तीन दिवस."

ताईंनी चालकाला फोन लावला.

"माझी ड्यूटी दर आठवड्याला फिरते हो," तो म्हणाला. "हिची आई परगावी नोकरीला. घरी माझी मोठी बहीण असते, तिला विचारून बघा. पण जरा जपून."

आत्याबाईंनी फोन उचलला तो फैरी झाडतच. "आमचा हा भाऊ पाच वर्षांचा होईतो तोंड उघडत नव्हता. आता घरात कुणाला बोलू देत नाही. पोरगी बोलेल की आपोआप."

"मॅडम म्हणतात, हिचं तसं नाही."

"आणि वीस मिनिटांसाठी दोन बस बदलायच्या? हिच्या पायात बूट घालण्यातच वीस मिनिटं जातात."

एरवी ताईंनी गोडीगुलाबीने समजूत घातली असती. आता तेवढं त्राण नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "ती तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

आत्याबाईंचा आवाज उतरला.

"हाक नाही मारत. हात धरून ओढते."

"सोमवार, मंगळवार, शुक्रवार. पावणेबारा. लिहू?"

"लिहा."

त्यासाठी दोन मुलांच्या वेळा हलवाव्या लागल्या. एक आई फोनवर भरपूर बोलली. ताईंनी ऐकून घेतलं, पण मनाला काही लागलं नाही.

आत्याबाई कुरकुरत का होईना, एकही दिवस न चुकवता आल्या. आत मुलगी मॅडमच्या ओठांवर नजर लावून "मा, मी, मू" घोळवायची, चुकायची, पुन्हा घोळवायची. काचेबाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाईंचे ओठही हलत.

सहाव्या आठवड्यात, निघताना, आत्याबाई बूट घालायला वाकल्या आणि मुलीने पाय मागे घेतला.

"न. को."

दोन्ही अक्षरं सुटी होती, पण स्वच्छ.

"काय म्हणालीस?"

"नको."

आत्याबाई फरशीवरच बसल्या. "ऐकलंत का ताई? मला नको म्हणाली ही." मॅडम दार उघडून बाहेर आल्या, हसल्या. सगळे हसले म्हणून ताईही हसल्या. झालं ते चांगलं झालं, एवढं त्यांना समजत होतं.

आत्याबाई डोळे पुसत काउंटरपाशी आल्या आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला असेल," ताई म्हणाल्या. "माझी बहीण गेली. तेव्हापासून माझं मलाच काही कळत नाही."

आत्याबाईंनी सांत्वन केलं नाही. खुर्ची ओढून बसल्या. "थोरली की धाकटी?"

"धाकटी."

"काय करायची?"

"शिवणकाम. बडबड फार." ताई थांबल्या. इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. "मशीन चालू असलं तरी बोलायची. मला निम्मं ऐकूच यायचं नाही."

आत्याबाई नुसत्या बसून राहिल्या. मुलगी उजवा बूट डाव्या पायात कोंबत होती. त्यांची पहिली बस निघून गेली.

मग ताईंनी पुढच्या महिन्याचं पान उघडून तीन वार लिहिले. आत्याबाईंनी चष्मा लावून ते तपासले.

"शुक्रवारी बसला गर्दी असते. दहा मिनिटं पुढे ढकला."

ताईंनी ढकलली.