तेलाने बिघडलो, व्हिनेगरने सुधारलो

मित्रांनो, लाडाने मुलं बिघडतात असं म्हणतात. पितळही बिघडतं. ते मी स्वतःवरून सांगतो.

मी एक जुना रेग्युलेटर आहे. पाणबुड्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेचं नळकांडं असतं. ती हवा थेट तोंडात सोडली तर माणसाची छाती फाटेल. म्हणून मी मध्ये बसतो आणि मागितली की श्वासापुरतीच देतो. हल्लीचे रेग्युलेटर मुठीत मावतात. मी चांगला डब्याएवढा आहे, मानेमागे बसतो, आणि माझ्या दोन रबरी नळ्या दोन्ही खांद्यांवरून तोंडाशी येतात. एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. बुडबुडे मानेमागून वर जातात.

माझा मालक फ्राने दाल्मेशियाच्या किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर समुद्राच्या तळावर वाढणारे स्पंज काढायचा. बेटाची रीत अशी, की नवरा बुडी मारतो आणि बायको त्याच्या बुडबुड्यांवर होडी धरून ठेवते. बुडबुडे थांबले की त्याच्या कमरेला बांधलेला दोर ओढायचा. फ्रानेची बायको दोमिना. तिने नवऱ्याला घरात जेवढं बघितलं नसेल, तेवढं बुडबुड्यांत बघितलं. भरलेली होडी परत आली की लोक फ्रानेचं कौतुक करत, माझंही करत. वल्ही मारणारीचं नाव कोणी घेत नसे. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे स्पंजांवर रोग पडला, फ्राने थकला आणि एका हिवाळ्यात अंथरुणातच गेला. मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आलो. दोमिना मला विसरली नाही, आणि घोळ झाला तो तिथेच. आमच्या बेटावर भाजलं की ऑलिव्हचं तेल, बिजागरी कुरकुरली की ऑलिव्हचं तेल, पोट दुखलं तरी तेच. घाण्यावरून नवं तेल आलं की पहिली वाटी माझी असायची. ती मला फडक्याने पुसायची, उरलेलं तेल नळ्यांत ओतायची आणि फ्रानेबद्दलच्या जुन्या तक्रारी मला ऐकवायची. बाहेरून मी लखलखत होतो. आत काय होतंय ते सांगायला मला तोंड नव्हतं.

बेटाच्या सणाला, समुद्रातून परत न आलेल्या पाणबुड्यांसाठी, पाण्याखालच्या क्रुसाला रोझमेरीच्या सुवासिक डहाळ्यांचा हार बांधतात. यंदा पाळी फ्रानेच्या घराची होती. त्याची मुलगी नेवेन्का शहरात लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवते. ती सणासाठी घरी आली.

"हार तुझ्या बाबांच्या यंत्रानेच जाणार," दोमिनाने ठरवून टाकलं.

"जाऊ दे. पण आधी येरेकाकांना दाखवू."

"त्याला काय दाखवायचंय? तुझी राखली नसेल एवढी निगा राखलीये मी त्याची."

येरे हा फ्रानेचा मित्र. बंदरावर जुने रेग्युलेटर खोलतो, धुतो, पुन्हा जुळवतो. दोमिना आणि तो एकाच गल्लीत वाढलेले, त्यामुळे दोघांत भीड अशी नाही. दोघी मला घेऊन गेल्या, तेव्हा त्याने मला नाकाशी धरलं.

"दोमिने, हा रेग्युलेटर आहे की खारवलेल्या माशांचा डबा?"

"तू तुझं काम कर. जोड नळकांडं."

त्याने जोडलं. नेवेन्काने स्टुलावर बसून श्वास ओढला. मी दिला. पुन्हा ओढला, पुन्हा दिला. दोमिना हाताची घडी घालून येरेकडे बघत राहिली. माझ्या पोटात रबराचा एक पातळ पडदा आहे. श्वास ओढला की तो हलतो आणि हवेची वाट उघडतो. तेल पिऊन तो फुगला होता, चिकट झाला होता. पुढच्या श्वासाला तो जागेवरच चिकटून बसला. नेवेन्काचे गाल आत गेले, डोळे विस्फारले. तिने मला तोंडातून ओढून काढलं.

"इथे काढून टाकलंस," येरे म्हणाला. "खाली काय करणार होतीस?"

दोमिना भिंतीला टेकली. "म्हणजे पोरीला मीच मारणार होते."

येरेने नळकांडं बंद केलं. मग म्हणाला, "नवऱ्याला जन्मभर तेलात बुडवून ठेवलंस, तो टिकला. रबर नाही टिकत. आता रडत बसू नकोस, घरचं व्हिनेगर आण."

"माझं व्हिनेगर कशाला?"

"पितळेवरचा हिरवा थर त्यानेच सुटतो. सॅलडवर तेल आणि व्हिनेगर दोन्ही घालतेस ना? त्यातलं अर्धं चुकलं तुझं, अर्धं बरोबर आहे."

त्याने माझा स्क्रूनस्क्रू सुटा केला. दोमिनाच्या व्हिनेगरात पाणी घालून मला त्यात भिजवलं, घासलं, गोड्या पाण्याने धुतलं. नवा पडदा बसवला, नळ्या बदलल्या. मग पाण्याच्या टाकीत बुडवून, स्वतः मला तोंडात धरून तो बराच वेळ श्वास घेत बसला. दोमिना शेजारी उभी राहून बुडबुडे बघत होती.

सणाच्या दिवशी होडीत दोर येरेच्या हातात होता. वल्ही मात्र दोमिनाने कोणाला दिली नाहीत. खाली क्रुसापाशी हाराची गाठ सुटायला लागली. ती सावरताना नेवेन्काने श्वास धरला आणि मी गप्प झालो. वरचं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. बुडबुडे थांबल्याबरोबर येरेने दोर आवळला.

"थांब," दोमिना म्हणाली. "गाठ मारतेय ती. तिचा बापही असाच श्वास धरायचा."

"आणि तसं नसलं तर?"

वल्ह्यांनी तिने होडी तिथेच धरून ठेवली. पाण्यावरची नजरही तिने काढली नाही.

खाली नेवेन्काने श्वास मागितला. मी दिला. बुडबुडे मानेमागून वर निघाले, आणि होडीत दोमिना मोठ्याने रडली.

मित्रांनो, वस्तू जपा, पण तिला काय हवं ते आधी विचारा. नुसती माया पुरत नाही. मला गोडं पाणी आणि सावली लागते, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी दोमिनाने मला धुऊन खुंटीवर टांगलं आणि सवयीने तेलाची बाटली उचलली. माझ्याकडे बघून ती थबकली. मग वल्ह्यांनी सोललेल्या स्वतःच्या तळहातांना तिने ते तेल लावलं.